लग्नाची चतुःसीमा

वकीलसाहेबांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि पक्षकाराला त्यांतल्या एकीवरही बसता येत नसे. डावीकडची वादीची, उजवीकडची प्रतिवादीची आणि समोरची, हात असलेली, गादी घातलेली, ती कोर्टाची. आलेल्या माणसानं खिडकीखालच्या बाकावर बसायचं. कैफियत ऐकून झाली की वकीलसाहेब डावीकडं बसून आपल्या पक्षकाराची बाजू मांडायचे. मग उठायचे, धोतराचा सोगा सावरत उजवीकडं जायचे आणि त्याच बाजूच्या चिंध्या करायचे. प्रतिवादीच्या खुर्चीत त्यांचा आवाज जाड व्हायचा, बोलण्यात उर्दू वाढायची आणि नजर अशी व्हायची की बाकावरच्या माणसाला वाटावं, हा वकील आपला की त्यांचा? कोर्टाच्या खुर्चीत मात्र ते कधी बसले नाहीत. दोन्ही बाजू झाल्या की त्या रिकाम्या खुर्चीकडं थोडा वेळ बघायचे आणि सांगायचे, "तारीख पडली. पुढच्या हप्त्यात या."

खोलीला लागून पिठाची गिरणी होती. भिंत सामाईक, आणि वरच्या बाजूला विटांची एक जाळी. गिरणी चालू झाली की जाळीतून पीठ यायचं आणि वकीलसाहेबांच्या फायली, टाइपरायटर, भुवया, सगळं पांढरं व्हायचं. कोर्टात त्यांचा कागद हातात घेतला की कारकून आधी तो झटकायचे. दुष्काळात गिरणी दिवसातून थोडाच वेळ चालायची, तेव्हा ते म्हणायचे, "बघा, कागदं काळी पडून राहिलीत. लक्षण चांगलं न्हाई."

लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नवा नवा झाला होता. पाट्यांचा रंग ओला होता म्हटलं तरी चालेल. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता. गल्लीत टँकर आला की वकीलसाहेब घागर घेऊन रांगेत उभे राहायचे, पण रांगेत दोन बायकांची तकरार लागली की घागर खाली ठेवून आधी एकीची बाजू मांडायचे, मग दुसरीची, आणि तोवर टँकर रिकामा. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू शेवटी स्वतः घागर घेऊन जायला लागल्या. "यांला पाण्याला पाठवलं की निकाल घेऊन येतात," असं त्या म्हणायच्या, "अन् त्योबी राखून ठेवलेला."

मी त्यांच्याकडं गेले ती घटस्फोटाचा अर्ज करायला. वकील जमिनीचे. आयुष्यभर त्यांनी बांध, वाटणी, कूळ, वहिवाट यांपलीकडं काही लढवलं नव्हतं. पण गावाच्या गायरानातला आमचा तुकडा त्यांनी कोर्टात टिकवून दिला होता, आणि माझ्या वडिलांच्या लेखी त्यांच्यापुढं वकील नव्हता. वडील म्हणाले, "ज्यानं जमीन सोडवली त्यो पोरगीबी सोडवंल."

आमच्या घरातच काय, आमच्या सगळ्या वस्तीत मी पहिली बी.ए. झालेली. त्या वर्षी नांदेडच्या एका कॉलेजात मला बी.एड.ला जागा मिळाली होती. निलंग्याच्या पुढच्या आमच्या गावाहून रोज नांदेडला जाणं शक्य नव्हतं, म्हणजे वसतिगृह आलं. वसतिगृहाच्या अधीक्षिका कडक बाई होत्या. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "विवाहित लिहिलंय. पतीची सही कुठाय?" मी सांगितलं, आम्ही एकत्र राहत नाही. त्या म्हणाल्या, "मुलगी अविवाहित असेल तर वडिलांची सही चालते. विवाहित असेल तर नांदत्या नवऱ्याची लागते. तुझं दोन्ही नाही. कोर्टात अर्ज टाक, त्याचा नंबर मला आणून दाखव, मी वडिलांची सही घेते. प्रवेश बंद व्हायच्या आत."

म्हणजे मला निकालसुद्धा नको होता. फक्त नंबर हवा होता. एवढंसं काम, असं मला वाटलं.

माझं लग्न कसं झालं होतं ते आधी सांगायला हवं. मोठ्या दुष्काळात, पाझर तलावाच्या कामावर. आसपासच्या पंधरा-वीस गावांची माणसं तिथं खडी फोडायला, माती वाहायला होती. आमचं कुटुंब होतं, त्यांचंही होतं. दोन्ही बापांनी एका घमेल्याला हात लावता लावता सोयरीक जमवली. मी नुकतीच सातवी पास झाले होते. जेवणाच्या सुट्टीत खडीच्या ढिगावर पांढरं फडकं अंथरून बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली, शेजारच्या गावच्या गुरुजींनी त्रिशरण पंचशील म्हटलं आणि लग्न लागलं. फुलं कुठून आणणार, म्हणून हार लिंबाच्या पाल्याचे. कामावर सरकारकडून खायला सुकडी मिळायची, तीच पंगतीला वाढली. पत्रिका नाही, फोटो नाही. चार वर्षांनी मी नांदायला गेले आणि आठ महिन्यांनी परत आले. मारहाण नाही, छळ नाही. त्यांचं मन दुसरीकडं गुंतलेलं होतं आणि माझं पुस्तकात. आमचं भांडण कधी झालंच नाही. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते. आता त्यांना त्या दुसऱ्या बाईशी रीतसर लग्न करायचं होतं आणि मला शिकायचं होतं. दोघं राजी होतो.

हे सगळं बाकावर बसून मी वकीलसाहेबांना सांगितलं. शेजारी वडील, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ते, म्हणजे ज्यांच्याशी माझं लग्न झालं होतं ते. ते शांत गृहस्थ होते. काहीही विचारलं की "हाव" म्हणायचे, म्हणजे हो.

वकीलसाहेब वादीच्या खुर्चीत बसून ऐकत होते. माझं झाल्यावर ते त्यांच्याकडं वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"हाव."

"काय हाव?"

"ह्या म्हणतात तसंच हाय."

"म्हणजे तुम्हालाबी काडीमोड पायजे?"

"हाव."

वकीलसाहेब प्रतिवादीच्या खुर्चीकडं निघाले आणि मधेच थांबले. जाऊन बोलायचं काय, हे त्यांना कळेना. मी त्यांना असं अधांतरी उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते. "दोघंबी अर्जदार," ते पुटपुटले. "अर्जदार नंबर एक, अर्जदार नंबर दोन. मग सामनेवाला कोण?"

मी म्हटलं, "साहेब, कायद्यात आता संमतीनं होतं असं मी वाचलंय."

"कायद्यात असंल. पण बाई, भांडण न्हाई तर कोर्ट कशाला? सामनेवाला असल्याबिगर दावा म्हंजे बिनबैलाची गाडी. ओढणार कोण?" त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "बरं. मी होतो सामनेवाला. मी ज्या हरकती घेईन त्यांला उत्तर तयार झाल्याबिगर अर्ज भरायचा न्हाई. कागद बाकायदा पायजे."

आतून काकूंचा आवाज आला. "माझी हरकत हाय. चहा थंड होऊन राहिला."

"नोंदवली," वकीलसाहेब म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही दोघं नंबर झालो. मी त्यांना अजूनही मनात नंबर दोनच म्हणते. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण नाव घ्यायची पंचाईत टळली.

पुढच्या आठवड्यात गेलो तर अर्जाचा मसुदा तयार होता. वकीलसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला. सुरुवातीला मौजे, तालुका, जिल्हा. जिल्ह्यापुढं सवयीनं उस्मानाबाद लिहून खोडलेलं. मग: "सदरहू विवाहाची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस अर्जदार नंबर एक हिचे वडील, पश्चिमेस अर्जदार नंबर दोन याचे थोरले बंधू, दक्षिणेस खडीचा ढीग, उत्तरेस सरकारी काम. सदरहू विवाह लागल्यापासून काही काळ मोकळा होता. तदनंतर आठ महिने वहितीखाली होता. तदनंतर आजतागायत पडीक आहे. सबब उभयतांचा त्यावरील कब्जा काढून घेण्यात यावा."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. इतकी वर्षं आयाबायांनी, मैत्रिणींनी, कॉलेजातल्या बाईंनी मला विचारलं होतं, तुझं नक्की काय झालं ग? मला कधी नीट सांगता आलं नव्हतं. वकीलसाहेबांनी जमिनीच्या भाषेत ते एका ओळीत सांगून टाकलं होतं.

वडिलांनी हात वर केला. शाळेत करतात तसा. "साहेब, वर काय लिहिलंय? हिंदू विवाह कायदा?"

"हां. त्याच कायद्याखाली अर्ज होतो."

"आमी छप्पनला सोडलं ते."

वकीलसाहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं, पीठ झटकलं, कलम दाखवलं. या कायद्यापुरते बौद्धही त्यातच धरलेले आहेत. वडिलांनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे लगीन आमच्या रीतीनं लावायचं अन् मोडायचं त्यांच्या रीतीनं?"

वकीलसाहेब वादीच्या खुर्चीत बसले. उठले. प्रतिवादीच्या बसले. उठले. मग दोन्हींच्या मधे जमिनीवर बसले. "ह्याला माझ्याजवळ उत्तर न्हाई," ते म्हणाले. "पण हरकत लई चांगली हाय." आणि त्यांनी ती यादीत लिहून घेतली, खाली वडिलांचं नाव घालून.

"पोरीचं काम होऊ द्या," वडील म्हणाले. "फक्त आमी बौद्ध हाओत, हे पयल्या ओळीत लिहा." ते पहिल्या ओळीत लिहिलं गेलं.

पुढची हरकत वकीलसाहेबांना रस्त्यानं जाताना सुचली. लग्न लागलं तेव्हा लातूर जिल्हा नव्हता. तालुका उस्मानाबादेत होता. जिल्हा फुटला तेव्हा गावं इकडं आली, पण लग्नं आली का? जमिनीचं रेकॉर्ड यायचं तर हस्तांतराची यादी असते. लग्नांची यादी कुणी केली? ते छत्री घेऊन थेट नव्या कलेक्टर कचेरीत गेले. मलाही नेलं. तिथल्या तरुण कारकुनाला त्यांनी विचारलं, "तालुक्याबरोबर काय काय वर्ग झालं?"

"सगळं झालं, काका."

"शाळा?"

"झाल्या."

"तळी, रस्ते?"

"झाले."

"लग्नं?"

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "लेखी अर्ज द्या," तो म्हणाला.

वकीलसाहेबांनी तिथल्या तिथं दिला. त्यात लग्न पाझर तलावाच्या जागेवर लागल्याचा उल्लेख असल्यामुळं कचेरीनं तो पाटबंधाऱ्याकडं पाठवला, आणि तिकडून उत्तर आलं की सदर कामाची कोणतीही दुरुस्ती प्रलंबित नाही. वकीलसाहेबांना ते फार पटलं. "सरकार म्हणून राहिलं, दुरुस्ती न्हाई. म्हंजे लग्न हाय त्या स्थितीत वर्ग झालं." हरकत निकाली निघाली.

असे दिवस जात होते आणि मी ते बोटांवर मोजत होते. प्रवेश बंद व्हायला आता फार दिवस उरले नव्हते. काकूंना ते कळायचं. त्या मला आत बोलावून भाकरी वाढायच्या. एकदा म्हणाल्या, "लोकं म्हणतात, वकील मुद्दाम लांबवतो, जोडपं पुन्हा एक व्हावं म्हणून. तसलं काय न्हाई बरं पोरी. तुमी एक झाला काय, दोन झाला काय, त्यांला ध्यानातबी यायचं न्हाई. त्यांला फक्त सामनेवाला पायजे. चाळीस वर्षं झाली, मला हो म्हणायची चोरी हाय. हो म्हटलं की हे आजारी पडतात."

मग स्थळ पाहणी निघाली. जमिनीच्या दाव्यात जागेचा पंचनामा लागतो, तसा लग्नाच्या जागेचा. वकीलसाहेब, वडील, नंबर दोन आणि मी, असे एसटीनं निलंग्याला आणि तिथून बैलगाडीत बसून तलावावर गेलो. त्या कामावरचे मुकादम आता म्हातारे झाले होते, त्यांना वाटेत गाडीत घेतलं.

तलाव आम्हीच बांधला होता. मी, ते, दोन्हीकडचं वऱ्हाड. आसपासच्या विहिरी कोरड्या ठक्क असताना त्यात मधोमध गढूळ पाणी अजून होतं. काठावर उभं राहून वकीलसाहेबांनी विचारलं, "जागा कोणती?"

मुकादमांनी हात लांब केला. "त्या म्हशी बसल्यात न्हाई का, तिथं."

विवाहस्थळ पाण्याखाली होतं आणि त्यावर म्हशी होत्या. वकीलसाहेबांनी धोतर खोचलं, छत्री उघडली आणि पाण्यात उतरले. मांड्यांपर्यंत पाणी आल्यावर थांबून त्यांनी चारी दिशांना बघितलं आणि ओरडून सांगितलं, "लिहा. पूर्वेस म्हैस."

मी लिहून घेत होते. बी.ए.चा अभ्याससुद्धा मी इतकं मन लावून केला नसेल.

तेवढ्यात म्हशीवाला पळत आला, त्याच्यामागं गावातली दहा-बारा माणसं. पाण्यात उभा राहून कुणी मोजणी करतंय म्हटल्यावर त्यांना वाटलं, नव्या जिल्ह्याचे साहेब आले. एकजण म्हणाला, "साहेब, टँकर यीना झालाय वस्तीवर." दुसरा म्हणाला, "तलावात जमीन गेली, मावेजा मिळंना." वकीलसाहेबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इतक्या दिवसांनी त्यांना खरीखुरी भांडणं भेटली होती. ते तिथंच, पाण्यात उभे राहून, एकेकाचं ऐकायला लागले. आमचा पंचनामा राहिला आणि टँकरचा अर्ज तयार झाला. पुढं त्या वस्तीवर टँकर सुरू झाला असं ऐकलं. तिथं अजून म्हणत असतील, लातूरचा एक साहेब छत्री घेऊन तळ्यात उतरला होता.

परतताना गाडीत त्यांनी मुकादमांना विचारलं, "त्या दिवशीची हजेरी कशी लावली होती?"

"कशी म्हंजे? सगळे कामावर."

"नवरा-नवरी?"

"तेबी कामावरच. लग्नात गेला म्हणून कुणाचा रोज बुडवायचा का साहेब, दुष्काळात? हजेरीत दोघं खडी फोडून राहिलेत. गुरुजी तेवढे कामावर नव्हते, ते वारले आता."

वकीलसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडं वळले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसत होतं, पण ते आनंदाचं होतं. "बाई, हरकत असावी तर अशी. सरकारी कागद म्हणतो, लग्नाच्या वेळेला वधू-वर खडी फोडत होते. म्हंजे लग्न झालंच न्हाई. अन् न झालेलं लग्न मोडायचं कसं?"

"मुकादम सांगतात ना, झालं म्हणून," मी म्हटलं.

"माणूस बडबडतो. कागद बोलतो." हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

प्रवेश बंद व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्यांच्या बाकावर होतो. अर्ज टाइप झालेला, प्रतिज्ञापत्रं झालेली, सह्या झालेल्या. फक्त या एका हरकतीला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना अर्ज भरायला वकीलसाहेब तयार नव्हते. कोर्ट बंद व्हायला दोन-अडीच तास राहिले होते. वडिलांनी हात जोडले. नंबर दोननी विचारलं, "मी काही करू का?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच "हाव" म्हणाले. वकीलसाहेब कोर्टाच्या खुर्चीकडं बघत होते. आता ते तारीख देणार, हे मला दिसत होतं. आणि ती तारीख म्हणजे माझं बी.एड. गेलं, वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी घरातून कुणी एवढी धावपळ करू देईल याचा भरवसा नव्हता.

मी उठले आणि प्रतिवादीच्या खुर्चीत जाऊन बसले.

"बाई, ती खुर्ची—"

"रिकामी होती," मी म्हटलं. "वकीलसाहेब, तुमची हरकत मला मान्य आहे. लग्न झालंच नाही. गुरुजी नाहीत, फोटो नाही, पत्रिका नाही, जागा म्हशींच्या खाली आहे आणि सरकारच्या हजेरीत मी खडी फोडतेय. मी अविवाहित आहे. मला तसं प्रतिज्ञापत्र टाइप करून द्या. अविवाहित मुलीला वडिलांची सही चालते. मी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला जाते. तुमचा अर्जसुद्धा नको."

वडील बाकावरून अर्धवट उठले. भिंतीपलीकडं गिरणी चालू झाली आणि जाळीतून पीठ येऊ लागलं. वकीलसाहेब माझ्याकडं बघत होते. मग ते हळूच वादीच्या खुर्चीत जाऊन बसले, टोपी नीट केली, आणि त्यांचा आवाज बदलला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही सुकडी खाल्ली?"

"रोजच खायचो."

"रोज कशी खायचात?"

"वाटीत घेऊन, उभ्यानं."

"अन् त्या दिवशी?"

"बसून."

"रांगेत?"

"हो."

"पंगत म्हणतात तिला. खडी फोडणारा माणूस पंगतीला बसतो का? गळ्यात काय होतं?"

"मला आठवत नाही."

"लिंबाचा पाला," नंबर दोन बाकावरून म्हणाले. "माझ्या हारात मुंग्या होत्या. लई चावल्या. पण गुरुजी बोलून राहिले होते, म्हणून हललो न्हाई."

"मुंग्या," वकीलसाहेब समाधानानं म्हणाले. "नांदायला गेलात?"

"गेले."

"पाणी कुठून भरायचात?"

"बारवेतून. गावाच्या खालच्या अंगाला."

"रोज?"

"रोज."

"आठ महिने एक अविवाहित पोरगी परक्याच्या घरात राहून त्यांच्या बारवेचं पाणी रोज भरती, कुणी हटकत न्हाई, शेजारच्या बाया तिला काय म्हणून हाक मारत होत्या?"

"वहिनी," मी म्हटलं.

"हजेरी खोटी न्हाई बाई. हजेरी पोटासाठी लावलेली हाय. त्या हजेरीत कामाचा दिवस हाय, लग्नाची घटका न्हाई. जेवणाच्या सुट्टीची हजेरी सरकार कधीच घेत न्हाई. अन् तुमचं लग्न त्याच सुट्टीत लागलं." ते उभे राहिले. "लग्न झालं. बाकायदा झालं. मी साबीत केलं. तुमच्याजवळ काही जबाब हाय?"

माझ्याजवळ नव्हता. मी प्रतिवादीच्या खुर्चीतून उठले. आयुष्यात पुढं मी पुष्कळ वाद घातले, शाळेत, पंचायतीत, घरात. इतक्या मनापासून कुठलाच हरले नाही. वकीलसाहेबांच्या कपाळावर घाम आणि पीठ यांचा लेप झाला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होते. त्यांनी कोर्टाच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं नाही, तारीख दिली नाही, गठ्ठा काखोटीला मारला आणि छत्री न घेताच निघाले. दारात काकू म्हणाल्या, "जिंकले वाटतं?"

"सामनेवाला तगडा होता," ते म्हणाले.

कोर्टातल्या कारकुनानं कागद झटकले, वरची चार-पाच पानं काढून घेतली आणि बाकीचा गठ्ठा, चतुःसीमा, म्हशी, पाटबंधाऱ्याचं उत्तर, सगळं परत दिलं. "एवढं नाही लागत, साहेब."

"काही हरकत?" वकीलसाहेबांनी आशेनं विचारलं.

"काही नाही."

"बघा तरी."

"साहेब, चहाची वेळ झाली." त्यानं शिक्का मारला, नंबर टाकला. तो नंबर मी दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला दाखवला. अधीक्षिका बाईंनी तो लिहून घेतला, वडिलांची सही घेतली आणि माझ्या ट्रंकेला खोली दिली.

सहा महिन्यांनी आम्हाला कोर्टात उभं केलं. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी मला विचारलं, संमती आहे का, मी हो म्हटलं. नंबर दोनना विचारलं, ते म्हणाले, "हाव." झालं. बाहेर चहा सांगायला जावं एवढ्या वेळात ते झालं. न्यायाधीश लिहीत असताना वकीलसाहेब उठले.

"विरुद्ध बाजूनं कुणी हजर न्हाई, याची नोंद व्हावी."

"वकीलसाहेब, याला विरुद्ध बाजूच नाही."

"तेवढीच नोंद व्हावी," ते म्हणाले आणि खाली बसले. न्यायाधीशांनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं आणि खरंच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी नक्कल काढून बघितलेलं नाही.

वकीलसाहेब आम्हाला पोचवायला स्टँडवर आले. मला नांदेडची गाडी होती, नंबर दोनना निलंग्याची. आम्ही एकमेकांना "बरंय" म्हटलं. त्यांनी माझी पिशवी माझ्या गाडीत चढवून दिली, "नीट शिका," म्हणाले आणि आपल्या गाडीकडं गेले. दोन्ही गाड्या एकाच वेळेला सुटल्या, तोंडं दोन दिशांना. वकीलसाहेब स्टँडच्या मधोमध उभे होते. कोणत्या गाडीला हात करावा ते त्यांना सुचेना. दोघंही त्यांचेच पक्षकार. शेवटी त्यांनी दोन्ही हात दोन्हीकडं पसरून वर केले.

दोन्ही गाड्या करकचून थांबल्या. मागच्या रिक्षा थांबल्या. निलंग्याच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आमचा कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला, "काय मालक, यायचंय का?"

"न्हाई."

"मग गाडी कशाला अडवली?"

वकीलसाहेबांचे हात अजून वरच होते. त्यांनी उजवीकडच्या गाडीकडं बघितलं, मग डावीकडच्या. आणि मग, कुणी भांडून नव्हे, आपणहून, हात खाली केले.

"काय न्हाई," ते म्हणाले. "जाऊ द्या. दोघांलाबी जाऊ द्या."